सगळे खून काळूच्या नावावर टाकू नका

पिंपरीहून एका ताईंचं सहा पानी पत्र आलंय. ते सगळं इथं मावणार नाही, पण त्यातलं मुद्द्याचं असं:

"चौदा महिन्यांपूर्वी आम्ही चार फुटी, अडीचशे लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, पोवळ्यांची) सुरू केली. 'काही झालं तरी मरत नाही' म्हणून दुकानदारानं सगळ्यांत आधी डोमिनो डॅमसेल दिला. माझा अकरा वर्षांचा मुलगा त्याला काळू म्हणतो. नंतर क्लाउनची जोडी, पाच हिरवे क्रोमिस, एक रॉयल ग्रामा, दोन फायरफिश, एक फॉक्सफेस आणि दोन क्लीनर श्रिम्प (कोळंब्या) आणल्या. क्रोमिस एकेक करत दोनच उरले. एप्रिलमध्ये दहा दिवसांच्या अंतरानं दोन्ही फायरफिश गायब झाले, अंगाचा तुकडासुद्धा सापडला नाही. ग्रामाची शेपटी फाटली आहे. एक श्रिम्प मेलेली दिसली, फोटो सोबत आहे. गेल्या आठवड्यात रात्री दोन ते सहा लाइट गेली होती, त्या सकाळी फॉक्सफेस तळाला आडवा पडलेला होता आणि त्याच्यावर एक केसाळ किडा चढलेला. मुलाला रात्री टाकीतून टक-टक ऐकू येतं. दुकानदारानं एक निळं औषध दिलंय, ते अजून टाकलेलं नाही. यजमान म्हणतात, टाकी विकून टाक. मुलगा म्हणतो, काळूला मारू नका. खरंच हे सगळं काळूनंच केलंय का? दिवाळीत आम्ही मालवणला जाणार आहोत, तिथून दगड आणून लपायच्या जागा वाढवल्या तर चालेल का?"

ताई, सगळ्यात आधी ते निळं औषध कपाटात ठेवा. रंगावरून आणि दुकानदारानं सांगितलेल्या उपयोगावरून ते तांब्याचं दिसतंय. तांबं माशांच्या अंगावरचे परजीवी मारतं हे खरं, पण त्याच मात्रेत ते श्रिम्प, गोगलगायी आणि पोवळीही मारतं. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरतं, नुसतं पाणी बदलून जात नाही. ते औषध वापरायचं तर वेगळ्या टाकीत, मोजून. आणि तुमच्या माशांना सध्या त्याची गरज आहे, असं तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीतून मला दिसत नाही.

आता काळूबद्दल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी हेच वाटलं की तुम्ही पाच-सहा वेगवेगळ्या घटना एका दोरीत ओवल्यात, आणि दोरीच्या टोकाला काळूला बांधलंय. काळू दांडगट आहे, त्याला टाकीतून काढावंच लागेल, त्यावर पुढे बोलतो. पण नुसता काळू काढलात आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलंत, तर जूनमध्ये आणलेले मासेही असेच जातील. मग दोष द्यायला काळूही नसेल.

समुद्री टाकीत प्रेत सापडत नाही, हा पुरावा नसतो. अडीचशे लिटरच्या टाकीत तीन इंची मासा रात्री दगडाच्या फटीत मेला, तर हर्मिट खेकडे, केसाळ किडे, नासारियस गोगलगायी आणि तुमच्या त्याच क्लीनर श्रिम्प मिळून सकाळपर्यंत त्याचा काटाही शिल्लक ठेवत नाहीत. म्हणजे 'गायब झाला' यातून एवढंच कळतं की तो मेला किंवा बाहेर पडला. कुणी मारला ते कळत नाही. फॉक्सफेसवर चढलेला तो किडा मारेकरी नव्हता, तो मयताला आला होता. असे केसाळ किडे टाकीत असणं चांगलंच, ते घाण खातात. फक्त उघड्या हातानं धरू नका, केस बोटात रुततात. रुतलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा.

कारण शोधायला माझी एक पद्धत आहे. कुणी मारलं हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि कोण मेलं, कोण जगलं, याची यादी करायची. श्रिम्प आणि खेकडे गेले, मासे ठणठणीत, तर पाण्यात तांबं किंवा कीटकनाशक शिरल्याचा संशय घ्यायचा. मासे एकापाठोपाठ धापा टाकत दोन-तीन दिवसांत गेले आणि श्रिम्प मजेत आहेत, तर माशांनाच लागणारा परजीवी, बहुतेक व्हेल्व्हेट. त्यात मासा वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहतो, उजेड टाळतो, आणि तिरक्या टॉर्चमध्ये अंगावर पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसते. एका रात्रीत मोठा मासा गेला आणि बारके वाचले, तर प्राणवायू कमी पडला. आणि एकच मासा, फाटक्या परांचा, कोपऱ्यात दबलेला, जेवायला न येणारा, तर तिथं मारामारी.

ही यादी तुमच्या टाकीला लावून बघा.

फॉक्सफेस घ्या. तुमच्या टाकीतला तो सगळ्यात मोठा मासा होता. अंगावर जखम नव्हती, तोंड उघडं, कल्ले ताणलेले, हे तुम्हीच लिहिलंय. आणि आदल्या रात्री चार तास लाइट नव्हती. पंप बंद, स्किमर (हवा घुसळून फेसासोबत घाण काढणारं यंत्र) बंद, पाणी निश्चल. अंधारात पोवळी आणि शेवाळही प्राणवायू तयार करत नाहीत, उलट माशांसोबत तेही वापरतात. त्यात खारं पाणी मुळातच कमी प्राणवायू धरतं. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर मावतो, तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. मे महिन्यात टाकी २९ अंशांवर गेली की आणखी कमी. फॉक्सफेसला काळूनं हातही लावला नाही. त्या सकाळी दोन्ही क्लाउन पाण्याच्या वरच्या थरात तोंड लावून होते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. सगळ्या पत्रात मला तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं.

याचा उपाय काळूपेक्षा सोपा आहे. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे. त्यावर पंखा आणि ट्यूबलाइट चालते, त्यात एक वेव्हमेकर जोडून घ्या आणि त्याचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवा, इतकं की वर लाटा फुटताना दिसायला हव्यात. बाकी हीटर, दिवे, चिलर काहीही जोडू नका, बॅटरी लगेच बसेल. शिवाय चार्जिंगवर चालणारा एक एअर पंप आणून ठेवा. आणि दोन्ही नसताना लाइट गेलीच, तर एक मग हातात घ्या, त्यानं टाकीतलंच पाणी उपसा आणि फूटभर उंचीवरून परत ओता. दर दहा मिनिटांनी पाच-सहा मग. हात दुखतात, पण मासे वाचतात. लाइट आल्यावर लगेच खायला घालू नका.

आता फायरफिश. इथं मला जरा थांबायचंय, कारण माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या टाकीतून दोन फायरफिश असेच नाहीसे झाले. टाकीत सिक्सलाइन रॅस हा मासा होता. तो त्यांच्या मागे लागायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तो रॅस एका ओळखीच्यांना देऊन टाकला आणि प्रकरण मिटलं असं धरलं. दिवाळीआधी रंगकामासाठी कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे फरशीवर दोघं पडलेले. कागदासारखे वाळलेले, लाल शेपटीचा रंग विटकरी झालेला, आणि पाठीवरचा तो लांब केसासारखा पर अजून ताठ उभा. तेव्हा मला आठवलं की उन्हाळ्यात त्या कपाटाखालून मुंग्यांची रांग जात होती आणि मी तिथं खडू मारला होता. रॅसनं पाठलाग केला असेलही, पण त्यांना मारलं ते मी उघड्या ठेवलेल्या झाकणानं.

तुम्ही लिहिलंय, "मार्चपासून उकाड्यामुळे काचेचं झाकण काढून पाण्यावर पंखा लावलाय." आणि फायरफिश गेले एप्रिलमध्ये. फायरफिश हा मासाच घाबरट. बिळाच्या तोंडाशी तरंगत राहतो, कुणी अंगावर आलं की सुरकन बिळात. बीळ दुसऱ्यानं बळकावलेलं असेल तर पळायला एकच दिशा उरते, वरची. ताई, टाकीचं कपाट ओढता येत नसेल तर मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून मागे बघा. संपच्या (टाकीखालच्या फिल्टरच्या) कप्प्यातही बघा, ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली उतरतं त्या) खणातही बघा. कधीकधी मासा तिथं आठवडाभर जिवंत असतो.

पंखा काढू नका. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा फार आधार असतो. फक्त झाकण काचेऐवजी जाळीचं करा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत सहा मिलिमीटरची पारदर्शक नायलॉन जाळी, खिडक्यांना मच्छरदाणी लावणारे कारागीर मापानं करून देतात. वायरींसाठी ठेवलेली कोपऱ्यातली फटही बुजवा, मासा नेमकी तीच शोधतो. आणि पंख्यामुळे रोज लिटर-दीड लिटर पाणी उडत असेल तेव्हा मीठ मागेच राहतं, हे विसरू नका. तुमची क्षारता (पाण्याचा खारेपणा, घनतेवरून मोजलेला) १.०२८ आलीय ती त्यामुळेच. भर घालायची ती आरओच्या बिनमिठाच्या पाण्यानं, रोज. १.०२६ पर्यंत यायला आठवडा घ्या, एका दिवसात उतरवू नका.

श्रिम्पचा फोटो बघून मला हायसं वाटलं. ती मेलेली नाही. फोटो मोठा करून बघा, डोक्याचं कवच आणि शेपटीकडचा भाग जिथं जोडला जातो तिथं पाठीवर फट आहे, आणि आतून सगळं पोकळ, आरपार दिसतंय. ती कात आहे. मेलेली श्रिम्प अशी काचेसारखी राहत नाही. ती गुलाबी-पांढरट, गढूळ होते आणि वास मारते. कात टाकल्यावर नवं कवच कडक होईपर्यंत दोन दिवस ती कुठंतरी दडून बसते. रात्री खायला घालताना मोजा, दोन्ही श्रिम्प मिशा हलवत बाहेर येतील.

टक-टक आवाजानं घरात भीती बसलीय, ते समजतं. असा आवाज मँटिस श्रिम्पही करते आणि पिस्तूल श्रिम्पही. मँटिस असेल तर ती मासे मारू शकते, हे खरं. पण कवच फोडणारी मँटिस आधी गोगलगायींवर आणि खेकड्यांवर तुटून पडते. सकाळी वाळूवर फुटक्या शंखांचे तुकडे दिसतात. तुमच्या आठच्या आठ गोगलगायी जिवंत आहेत, शंख शाबूत आहेत. तेव्हा ती बहुधा दगडासोबत आलेली एखादी पिस्तूल श्रिम्प असावी. ती आपल्या बिळापुरती बघते. खात्री करायची असेल तर दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून मुलासोबत टाकीसमोर बसा. लाल उजेडाला हे प्राणी फारसे बुजत नाहीत. त्याला आवडेल.

आता क्रोमिस. दुकानात शंभरांच्या थव्यात ते शांत दिसतात, म्हणून आपण पाच-सात आणतो. घरच्या टाकीत ते आपसात उतरंड लावतात. सगळ्यात खालच्याला जेवू देत नाहीत. तो खंगतो, एका रात्री दगडात मरतो, आणि मग त्याच्या वरचा सगळ्यात खालचा होतो. पाचाचे चार, चाराचे तीन. चार फुटी टाकीत ही गोष्ट इतक्या जणांच्या बाबतीत झालेली मी पाहिलीय की आता मी कुणालाच क्रोमिसचा थवा ठेवा म्हणून सांगत नाही. काळूनं त्यात भर घातली असेल. पण सुरुवात त्यांनी स्वतःच केली असणार. गंमत अशी की डोमिनो, क्रोमिस आणि क्लाउन हे तिघेही एकाच कुळातले. मालवणला पाण्यात उतरलात की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे भोवती जमतील, तेही त्याच कुळातले. त्यांचा नर खडकावरच्या अंड्यांची राखण करत असला की आपल्यासारख्या माणसावरही चाल करून येतो. भाऊबंदकी या कुळात पिढीजात आहे.

क्लाउनबद्दल तुम्ही काळजी केलीय, "मोठा लहानाला टोचतो आणि लहान थरथरतो". ते भांडण नव्हे. मोठी ती मादी. लहान नर अंग थरथरवून तिला सांगतो की तू मोठी, मान्य आहे. पर फाटत नाहीत आणि दोघं जवळ जेवतात तोवर त्यांच्यात पडू नका.

ग्रामाची शेपटी मात्र काळूचंच काम. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. जांभळं डोकं दगडाखाली घातलेलं आणि पिवळी शेपटी कंगव्यासारखी चिरलेली. परांच्या मुळाशी मांस शाबूत आहे, म्हणजे त्रास थांबला की महिना-दीड महिन्यात शेपटी भरून येईल. ग्रामाला एक स्वतःचं बीळ लागतं, आणि काळूच्या हिशेबानं टाकीतलं प्रत्येक बीळ त्याचं आहे. यात काळूचा दोष किती म्हणायचा? रिकाम्या टाकीत तो पहिला आला. कित्येक आठवडे सगळी जागा एकट्याची होती. डोमिनो पूर्ण वाढला की १४ सेंटिमीटरपर्यंत जातो, अंगावरचे ते पांढरे ठिपके फिके पडतात आणि स्वभाव आणखी कडक होतो. 'मरत नाही' म्हणून टाकी पिकवायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला, डॅमसेल द्यायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. माशाला अमोनियात जगायला लावायचं आणि नंतर तो दांडगट झाला म्हणून हाकलायचं. बाटलीतले जिवाणू आणि चिमूटभर खाद्य घालून मासा न टाकताही टाकी पिकते, फक्त धीर लागतो.

एखादा मासा थोडासाच त्रास देत असेल, तर दगडांची मांडणी बदलणं, त्याला आठ-दहा दिवस वेगळं ठेवून मग परत सोडणं, नव्या माशाला भोकांच्या पारदर्शक डब्यात आठवडाभर आत टांगून ठेवणं, यानं फरक पडतो. डोमिनोच्या बाबतीत मी यावर वेळ घालवणार नाही. त्याला दुसरं घर शोधा.

जाळी घेऊन मागे लागू नका, अर्धी टाकी उपसाल आणि बाकीचे मासे घाबरून आजारी पडतील. काळू रात्री कुठल्या दगडात झोपतो ते दोन-तीन रात्री मुलाला बघून ठेवायला सांगा. डॅमसेलची झोपायची फट ठरलेली असते. मग दिवे बंद झाल्यावर तासाभरानं तो दगड हळूच उचलून सरळ बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात न्या. बहुतेक वेळा मासा फट सोडत नाही, दगडासोबत येतो. दगडावर पोवळी चिकटलेली असतील आणि तो हलवता येत नसेल, तर दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवा, आत खाद्य ठेवा आणि सकाळी मासे उपाशी असताना सापळा लावा. पहिल्या दिवशी नाही येणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, तो हावरट असतो.

आणि मुलाला सांगा, काळूला मारायचं नाहीये. ज्यांच्याकडे पोवळी नसलेली, फक्त मोठ्या माशांची सहा फुटी टाकी आहे, तिथं काळू आरामात राहील. असे लोक शहरात आहेत, दुकानदारालाही विचारता येईल. मालवणच्या समुद्रात सोडून येण्याचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. टाकीतल्या माशासोबत टाकीतले रोग जातात. इंडो-पॅसिफिकमधला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला आणि आज तो कॅरिबियनभर तिथले मासे खातोय. त्यामागे लोकांनी सोडलेले टाकीतले मासेच असावेत, असं मानलं जातं.

मालवणहून दगड आणू नका. एक छोटा तुकडाही नको. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारी पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेलं पोवळंही उचलायचं नाही. लपायच्या जागा हव्यात तर भाजलेल्या मातीचे किंवा सिरॅमिकचे कोरडे दगड मिळतात. एका बाजूला सगळा ढीग न लावता दोन वेगळे उंचवटे करा, मध्ये मोकळी वाळू ठेवा. एका माशाला दोन्ही बाजू एकाच वेळी दिसल्या नाहीत की त्याचं राज्य अर्ध्यावर येतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती विचारतो. हॉलमध्ये डासांचं लिक्विड लावता का? त्यातली रसायनं मासे आणि श्रिम्पसाठी फार विषारी असतात, आणि स्किमर नेमकी त्याच खोलीतली हवा पाण्यात घुसळतो. पावसाळ्यात डास वाढतील. त्या खोलीत लिक्विड, कॉइल, स्प्रे काहीही नको, जाळ्या लावा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टाकी प्लास्टिकनं झाका आणि एअर पंप बाहेरच्या बाल्कनीत ठेवून त्याची नळी टाकीत आणा.

काळू गेल्यावर दोन महिने काहीही आणू नका. मुलगा हट्ट करेल, तरी नाही. त्या दोन महिन्यांत जाळीचं झाकण, इन्व्हर्टरवरचा वेव्हमेकर आणि क्षारता एवढीच कामं. चाळीस लिटरची एक साधी टाकी, एक स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचे चार तुकडे घेऊन ठेवा. यापुढे येणारा प्रत्येक मासा आधी तीन-चार आठवडे तिथं राहील, खायला शिकेल, आजार असेल तर तिथंच दिसेल. मग आधी फायरफिशची जोडी, तीही लहान, आणि टाकीत सोडताना दिवे बंद. फॉक्सफेस परत आणायचा असेल तर सगळ्यात शेवटी.

यजमानांना टाकी विकायची घाई करू देऊ नका. चौदा महिन्यांत पाणी स्थिर आहे, पोवळी वाढतायत, क्लाउनची जोडी जमलीय, आणि अमोनिया शून्य आहे. मला दीड महिन्यानं ग्रामाच्या शेपटीचा फोटो पाठवा. आणि कपाटामागे काय सापडलं, तेही कळवा.